म्हाताऱ्या मेंढीचे फुप्फुस

शायीर नावाच्या एका बाईने मला पत्र लिहिले, त्याला मी अजून उत्तर दिलेले नाही. पत्र डोंगराच्या पलीकडच्या खोऱ्यातून आले. तिच्या नवऱ्याला जठराचा कॅन्सर आहे. घरात सासू, दोन लहान मुली, गाई आणि हे दुखणे, सगळे तिच्या एकटीच्या अंगावर. ती लिहिते, ‘मास्तर, आमच्याकडे एक सोन्याच्या दाताचा वैदू आलाय, ताबिप म्हणवतो. तो मेंढीच्या गरम फुप्फुसानं रोग्याला झोडतो आणि रोग फुप्फुसात उतरतो. शेजारच्या घरी उतरलेला मी डोळ्यांनी पाहिला. पण त्याआधी रोग्याची सेवा करणाऱ्या माणसाला चाबकाचे फटके खावे लागतात. मेंढरं डोंगरावरून खाली आली की आमची पाळी. तुमच्या वाचनालयात आमच्यासारखी माणसं जमतात असं ऐकलं. फटके खाऊ की नको, एवढंच सांगा.’

एवढंच सांगा म्हणते, आणि मला तेवढेच जमत नाही. लिहायला बसलो की मी फुप्फुसाच्या रचनेपासून सुरुवात करतो, तिसऱ्या पानावर पोचतो आणि मनात येते, हे सांगणारा मी कोण? डॉक्टर नाही, मुल्ला नाही. गावच्या वाचनालयाची किल्ली सांभाळणारा म्हातारा. लोक मला मास्तर म्हणतात ते केवळ चष्म्यामुळे. मग पाने शेगडीत जातात.

म्हणून आज उत्तर बाजूला ठेवतो आणि वसंतात आमच्या गावात जे घडले ते आधी सरळ लिहून काढतो.

बार्पीच्या अंगणात त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. गोठ्याच्या छपरावर पोरे, कुंपणावर बायका, चिखलात खूर रुतवून उभे असलेले घोडे. बार्पी आमच्या गावचा घोडे राखणारा. एके काळी उधळलेल्या घोड्याला कान धरून खाली बसवायचा. यकृताच्या कॅन्सरने त्याचा आता सांगाडा उरला होता. त्याला गोधडीसकट उचलून बाहेर आणले होते आणि तो उन्हाकडे डोळे मिटून पडला होता.

अंगणाच्या मधोमध पांढरी जीप उभी होती, मानाच्या जागी बसवावी तशी. तिच्या पायरीवर सेरकेबाय ताबिप चढला. डोक्यावर लोकरीच्या नमद्याची उंच टोपी, तोंडात सोन्याचा दात, हातात घोड्याचा चाबूक.

“लोकहो, रोग म्हणजे कोण?” तो गरजला. “रोग म्हणजे पाव्हणा! आपण किर्गिझ माणसं, पाव्हण्याला कधी जा म्हणतो का? नाही! तो बसतो, खातो, आडवा होतो. का जात नाही? कारण घरची बाई वाढत राहते! ही बघा ती बाई.”

त्याने चाबकाचे टोक कुमुशकडे केले. कुमुश म्हणजे बार्पीची बायको. गेले वर्षभर त्याला उचलणे, पुसणे, भरवणे तिचेच. कुंपणावरच्या बायका तिच्याकडे अशा पाहू लागल्या, की जणू तिने घरात साप पाळला होता.

“जो हात रोग्याला भरवतो, तोच रोगाला भरवतो. आधी हा हात सोडवायचा, मग पाव्हणा उठवायचा. पोरी, कोट काढ.”

कुमुशने कापूस भरलेला कोट काढला, गुडघे टेकले आणि घोडागाडीच्या चाकाचे आरे दोन्ही हातांनी धरले. बार्पीची आई, उल्जान आपा, दारात उभी राहून रडत होती. “सोस गं पोरी. लेकरासाठी सोस.”

चाबूक वर गेला तेव्हा शीळ घातल्यासारखा आवाज झाला. खाली आला तेव्हा ओल्या कातड्यावर काठी मारल्यासारखा. पहिल्याच फटक्याला तिच्या पाठीवरचा सदरा उभा फाटला. दुसऱ्याला रक्त आले. ती ओरडली नाही. चाकच करकरत होते.

“जोरात, ताबिप!” छपरावरून कोणीतरी म्हणाले. “रोग दणकट आहे!”

“मग तुझी बायको घेऊन ये,” खालून कोणीतरी म्हणाले, आणि हशा पिकला. मी माझ्या बुटांकडे पाहत होतो.

मग मेंढी आणली. म्हातारी, सुटलेल्या कासेची, जिने कितीतरी वेळा कोकरे दिली होती. ताबिपाला तशीच लागायची. “आईचं दुःख आईलाच कळतं,” तो म्हणायचा. ताबिपाच्या दोघा गड्यांनी मेंढी पाडली, गळा चिरला, छाती फोडली. श्वासनळी मुठीत धरून त्याने दोन्ही फुप्फुसे ओढून काढली. त्यांतून वाफा निघत होत्या.

आमच्या आज्याही हे करायच्या. लहान मुलाला भीती बसली, ताप उतरेना, की गरम फुप्फुस त्याच्या पाठीवर हलकेच थोपटायच्या आणि काहीतरी गुणगुणायच्या. सेरकेबाय थोपटत नव्हता. दोन गड्यांनी बार्पीला बगलेत धरून उभे केले आणि ताबिपाने धोबी कपडे आपटतो तसे ते फुप्फुस त्याच्या पोटावर, फासळ्यांवर, तोंडावर आपटले. रक्ताचा फेस उडत होता. बार्पीच्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून बांधलेले घोडे कान मागे पाडून दोर ओढू लागले.

मग ताबिपाने फुप्फुस पांढऱ्या कापडावर ठेवले आणि सुरी फिरवली. आत कबुतराच्या अंड्यांएवढ्या पांढऱ्या गाठी होत्या.

“हा बघा पाव्हणा!”

अंगण असे गरजले की छपरावरचे एक पोर खाली पडले. बायका रडू लागल्या, पुरुषांनी चेहऱ्यावरून हात फिरवून ‘ओमीन’ म्हटले. आपाने ताबिपाच्या बुटाला हात लावला. फुप्फुस चव्हाट्यावर टाकले गेले आणि गावच्या कुत्र्यांनी ते भांडून खाल्ले.

“आता सुई बंद,” ताबिप म्हणाला. “सुईनं रोग झोपतो. झोपलेला पाव्हणा कधी उठायचा?” त्याने खिडकीतली मॉर्फिनची खोकी उचलली, जमिनीवर ओतली आणि टाचेने काचेच्या नळ्यांचा चुरा केला. जिपारा ती औषधे तालुक्याच्या गावाहून आणायची. आमच्या दवाखान्यात डॉक्टर नाही, जिपारा आहे. अर्धी डॉक्टर, पूर्ण कामाची. ती पुढे धावली तेव्हा दोघांनी तिला ढकलून चिखलात पाडले.

त्यानंतर बार्पी ओरडू लागला. त्याचे ओरडणे वाचनालयापर्यंत यायचे. मी पुस्तक उघडून बसायचो आणि तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचायचो.

एका गुरुवारी कुमुश आली. वाकून चालत होती.

“मास्तर, या रोगावर एखादं पुस्तक आहे?”

मी जाड पुस्तक काढून दिले. तिने ते उघडले, डोके त्यावर टेकले आणि झोपली. एवढी गाढ, की मी दोनदा श्वास चालू आहे का ते पाहिले. मग लोक काय म्हणतील म्हणून बाहेर पायरीवर जाऊन बसलो. तिथे मला बातमाने पकडले. बातमा म्हणजे गावातले सर्वांत मोठे तोंड. गेल्या वर्षी तिचा नवरा घशाच्या कॅन्सरने गेला.

“काय हो मास्तर, थंडीत बाहेर? पुस्तकांनी हाकलून दिलं की काय?”

“आत कुमुश झोपलीये.”

तिने दार ढकलून पाहिले. तिचा आवाज खाली आला. “झोपू दे. आमच्या ह्यांच्या दुखण्यात मी एकदा घोड्यावर झोपले. घोडा मला शेजारच्या गावात घेऊन गेला. तिथल्या लोकांनी चहा पाजला, हो. आपल्या गावात कुणी पाजला नव्हता.” आणि ती तडक बार्पीच्या घरी गेली. आपाला म्हणाली, “चुलत्याच्या नात्यानं मी पण या घरची आहे. मी बसते त्याच्याजवळ. सून यायची तेव्हा येईल.”

असे ते सुरू झाले. दर गुरुवारी कुमुश वाचनालयात यायची आणि कोणी ना कोणी बार्पीजवळ बसायचे. मग मुकाशही येऊ लागला. पांढऱ्या दाढीचा जुना मेंढपाळ, त्याच्या म्हातारीला स्तनाचा कॅन्सर. तो पहिल्यांदा आला तेव्हा टोपी हातात घेऊन दारातच उभा राहिला.

“मास्तर, बायकोला न्हाऊ कसं घालायचं हे पुस्तकात असतं का?”

पुस्तकात नव्हते. जिपाराने दाखवले. टेबलावर मलाच आडवे करून तिने सगळ्यांना शिकवले: माणसाला न दुखवता कूस कशी बदलायची, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून उशी कुठे सरकवायची, ओठ सुकले की ओल्या कापडाचा बोळा कसा फिरवायचा. बातमा म्हणाली, “मास्तर, इतकं ताठ नका पडू. आजारी माणूस तुमच्याहून बरा वाकतो.” मुकाश हसला. जिपारा म्हणाली की हा माणूस घरी वर्षभर हसला नसेल.

मुकाशच्या घरीही ताबिप येऊन गेला होता. तिथे फुप्फुस स्वच्छ निघाले. तेव्हा ताबिप म्हणाला, हा म्हातारा मनातून सेवा करत नाही, म्हणून रोग उतरत नाही. मुकाशला पुन्हा फटके, दुसरी मेंढी. दुसरीत गाठी निघाल्या. नाचता येईना अंगण वाकडे, तसे त्याचे अंगण म्हणजे सेवा करणाऱ्यांच्या पाठी.

मग एका गुरुवारी चहा ओतता ओतता कुमुश म्हणाली, “ताबिप परत येतोय. रोग परतलाय म्हणतो. यावेळी दुप्पट फटके. आपानं हो म्हटलंय.”

“आणि तू?” जिपाराने विचारले.

“गाठी मी पाहिल्यात ना. या हातांनी कापड धरलं होतं. नाही म्हणाले आणि तो मेला, तर मी मारला म्हणतील.” तिने मुकाशचा कप भरला. “मलाही तसंच वाटेल.”

दाराकडे नजर टाकून बातमा म्हणाली, “एक सांगते, पण बाहेर नाही गेलं पाहिजे. माझ्या लेकीच्या लग्नात जी मेंढी कापली ना, तिच्या फुप्फुसातही तशाच गाठी होत्या.”

“लग्नातल्या?” कुमुशने कप खाली ठेवला.

“व्याही बाहेर बसलेले! रोगट मेंढी वाढली असं झालं असतं तर लेक परत आली असती. ओढ्यावर धुताना पाहिल्या आणि गपकन कुत्र्याला टाकलं. आजवर कुणाला बोलले नाही.”

कुमुशचा चेहरा लाल झाला. “सासऱ्यांच्या चाळिसाव्याच्या जेवणाला. आम्हीपण. शिजवण्याआधी फुप्फुसात दूध भरायला गेले तर ते दूधच धरेना. मीही टाकलं. मला वाटलं, आपल्याच कळपाला खोट आहे.”

“काय बोलता या बायकांनो?” मुकाश म्हणाला. “जन्म गेला माझा मेंढरांत. मी नाही कधी पाहिल्या.”

“तुम्ही कशा बघाल?” बातमा उसळली. “तुम्ही गळा चिरता, हात धुता आणि जाऊन मानाच्या जागी चहा पीत बसता! आतडी-कोथळा घेऊन ओढ्यावर थंड पाण्यात कोण बसतं? आणि डोंगरावर एकटे असलात की सगळं कुत्र्याला! बघता कधी उघडून?”

मुकाशने दाढीत बोटे घातली.

असे होते ते. घरोघरच्या बायकांनी त्या गाठी पाहिल्या होत्या, आणि प्रत्येकीने पाव्हण्यांत नाचक्की नको म्हणून त्या लपवल्या होत्या. प्रत्येकीला वाटत होते, फक्त आपल्याच मेंढीला. मग कोणी सोन्याच्या दाताचा येऊन तीच गाठ भर अंगणात वर करून दाखवतो, तेव्हा ओळखणाऱ्या सगळ्या जणी तोंडाला पदर लावून गप्प.

“ती कृमीची गाठ असते,” जिपारा म्हणाली. “कुत्र्याच्या पोटात बारीक कृमी. त्याची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून गवतावर. गवत मेंढी खाते. अंडं फुप्फुसात जाऊन बसतं, पाण्यानं भरलेली पिशवी होते आणि वर्षानुवर्षं हळूहळू वाढते. म्हणून त्याला म्हातारी मेंढी लागते! कोकराच्या फुप्फुसात गाठ एवढी व्हायला वेळच मिळालेला नसतो. आणि तुम्ही काय करता? फुप्फुस कुत्र्याला! की पुन्हा पहिल्यापासून सुरू. न धुतलेल्या हातानं माणसाच्याही पोटात जातं ते.”

“म्हणजे ती गाठ बार्पीची नव्हती,” कुमुश हळू म्हणाली.

“ती मेंढीचीच होती. तू फटके खायच्या कितीतरी वर्षं आधीची.”

कुमुश दोन्ही हात खांद्यांवरून मागे नेऊन पाठीवरचे वळ चाचपत बसली.

मी म्हणालो, हे गावाला पटवायचे तर रीतसर प्रयोग करावा लागेल. एक म्हातारी मेंढी, एक कोकरू, एक निरोगी माणूस... बातमाने मला मध्येच तोडले. “मास्तर, तुमच्या प्रयोगाला लोक जांभया देतील. मी त्याच्या त्या पांढऱ्या गाडीलाच झोडते.”

“आणि फुप्फुस स्वच्छ निघालं तर? प्रत्येक म्हाताऱ्या मेंढीत नसतात.” मी विचारले.

“मग मार खाऊ,” मुकाश म्हणाला. “सवय झालीये.”

ताबिप आला तेव्हा गर्दी पहिल्यापेक्षा मोठी होती. कुमुशने कोट काढला नाही. ती बार्पीच्या गोधडीजवळ उभी राहिली.

“कोट, पोरी!”

“नाही.”

“सूनबाई!” दारातून आपा किंचाळली.

ताबिपाने चाबूक सरसावला, तेवढ्यात मुकाश त्याची मेंढी ओढत आणि बातमा तिची मेंढी ढकलत अंगणात शिरली. मुकाशने हात वर करून दुवा म्हटली. आमच्याकडे एकदा पांढऱ्या दाढीच्या माणसाने दुवा म्हणून सुरी उचलली की कापणे कोणी अडवत नाही, खानानेही नसते अडवले. ताबिपाचे गडी एकमेकांकडे पाहत राहिले. बातमाच्या मेंढीचा गळा चिरला गेला. चिखलात रक्ताचे डबके झाले. मुकाशने फुप्फुस ओढून बातमाच्या हातात दिले.

तिने बाह्या सारल्या, जीपजवळ गेली आणि काचेवर पहिला तडाखा हाणला.

धप्प!

“ए बाई! वेडी झालीस काय?”

“पाव्हणा उठवते!” बातमा ओरडली. धप्प! “उठ रे मेल्या, इंजिनातनं उठ!” धप्प! पांढऱ्या दारावरून रक्त आणि फेस ओघळू लागला. अंगण आधी थिजले, मग कुठूनतरी खी-खी सुरू झाले.

मुकाशने फुप्फुस कापडावर घेऊन चिरले. स्वच्छ. गुलाबी, गुळगुळीत, एकही गाठ नाही.

सोन्याचा दात उन्हात चमकला.

“बघा!” सेरकेबाय हसत म्हणाला. “लोकहो, बघा! माझी गाडी निरोगी आहे! रोगच नाही, तर उतरणार काय? याहून मोठा पुरावा कसला? फुप्फुस खोटं बोलत नाही!”

लोकांनी माना हलवल्या. कोणीतरी बातमाला म्हटले, “झाली हौस? हात दाखवून अवलक्षण!”

“अजून एक आहे,” मुकाश म्हणाला. त्याने स्वतःची मेंढी पाडली. कळपातली सर्वांत जुनी, घंटा बांधलेली. तिचा गळा चिरताना त्याने तोंड फिरवले.

धप्प! धप्प! या वेळी बातमा ओरडली नाही. तिच्या कपाळावरून घाम आणि रक्त एकत्र वाहत होते. मुकाशने सुरी फिरवली, आणि फुप्फुस उकलले तसे पुढच्या रांगेतली माणसे मागे सरकली. गाठी होत्या. पांढऱ्या, टपोऱ्या, एकाला एक लागून.

सगळे कधी गाठींकडे, कधी जीपकडे पाहत होते. आणि कसे कोण जाणे, माझे तोंड उघडले. एवढ्या लोकांसमोर मी आयुष्यात बोललो नव्हतो.

“ताबिप,” मी म्हणालो, “गाडी निरोगी आहे असं तुम्हीच म्हणालात. आणि फुप्फुस खोटं बोलत नाही असंही.”

मग छपरावरून एक पोरगे ओरडले, “गाडीला कॅन्सर झाला! ड्रायव्हरला फटके द्या! तोच तिला तेल पाजतो!”

जे हसणे फुटले ते थांबेना. जिपाराने पुढे येऊन गाठीवर सुरीचे टोक टेकवले. स्वच्छ पाण्याची चिळकांडी उडाली. ती ओरडून कृमीची गोष्ट सांगू लागली, आणि कुंपणावरून एक बाई म्हणाली, “आमच्याही मेंढीत होत्या!” दुसरी म्हणाली, “आमच्या ईदच्या मेंढीत!” तिसरी, चौथी. नवरे वळून बायकांकडे पाहू लागले.

सेरकेबायने चाबूक फिरवला. पहिला फटका बातमाच्या गालावर बसला, भुवईपासून हनुवटीपर्यंत कातडी उकलली. दुसरा मुकाशच्या हातावर. तिसरा माझ्या कानावर बसला, चष्मा उडाला आणि चाबकाची दोरी माझ्या मनगटाला गुंडाळली गेली. मी ती धरली असे लोक नंतर सांगत. खरे तर ती सुटत नव्हती. त्याने ओढले, मी तोंडावर चिखलात पडलो, आणि चाबूक त्याच्या हातून निसटला.

मग गाव त्याच्यावर पडले. मला चष्म्याशिवाय नुसते बूट दिसत होते आणि आवाज येत होते: लाथांचे, जीपच्या पत्र्यावर दगडांचे, हाड मोडल्याचे. ज्यांनी ‘ओमीन’ म्हटले होते तेच सर्वांत जोरात मारत होते. कोणीतरी म्हणाले, “सुरी द्या इकडे!”

“थांबा!”

कुमुश होती. माझ्या मनगटावरून सोडवलेला चाबूक तिच्या हातात होता. लोकांनी वाट करून दिली. तो पहिला मान तिचाच, असे सगळ्यांना वाटले. सेरकेबाय चिखलात पालथा पडून हातांनी डोके झाकत होता. तिने चाबूक उचललाही. अंधुक का होईना, मी ते पाहिले. मग तिने तो अंगणातल्या पेटत्या चुलीत फेकला.

“याला मारून बार्पी बरा होणार आहे का?” ती म्हणाली. “मार खाऊन रोग जातो असं हाच म्हणत होता. तुम्हीही तेच धरून बसलात? तुमच्या हातांना काम हवंय ना? मला पाणी भरून द्या. माझ्या घोडींची धार काढून द्या. तासभर त्याच्याजवळ बसा, मी झोपेन. वर्षभरात कुणी आलं होतं?”

ताबिपाच्या गड्यांनी त्याला उचलून जीपमध्ये कोंबले आणि फुटक्या काचेची ती गाडी उतारावरून निघून गेली. पोलीस दुसऱ्या दिवशी आले. त्यांनी चहा घेतला.

आपा दारात बसून होती. बऱ्याच वेळाने उठली, आत गेली आणि गरम पाणी घेऊन आली. कुमुशचा कोट तिनेच उतरवला आणि जुन्या वळांवर लोणी लावू लागली.

बार्पी बरा झाला नाही. हे मला स्पष्ट लिहिले पाहिजे, नाहीतर मीही एक प्रकारचा ताबिपच. गवत कापणीच्या दिवसांत तो गेला. पण जिपाराने मॉर्फिन पुन्हा आणले होते, आणि तो ओरडत गेला नाही. शेवटच्या आठवड्यात त्याने घोडी पाहायची म्हणून हट्ट धरला, तेव्हा बाहेर न्यायला हवी त्याहून जास्त माणसे होती. कुमुश शेजारच्या खोलीत झोपली होती. आपाने तिला उठवले, आणि ती वेळेवर पोचली.

इथवर लिहून होईतो काही दिवस गेले, आणि काल कुमुशनेच शायीरचे पत्र माझ्या टेबलावर पाहिले.

“हिला अजून लिहिलं नाहीत? मास्तर, मेंढरं खिंड उतरलीसुद्धा!”

“कसं लिहावं ते सुचत नाही.”

“तिनं फटके खाऊ की नको एवढंच विचारलंय. तुम्ही काय प्रबंध लिहिताय? धरा लेखणी. मी सांगते, तुम्ही शुद्ध करा.”

शुद्ध करण्यासारखे फारसे नव्हते. उत्तर असे झाले:

‘शायीर बहिणी, फटके खाऊ नका. तुमच्या हातानं रोग आला नाही, तुमच्या पाठीवर मारून तो जाणार नाही. गाठी मेंढीच्या असतात. गावातल्या ज्या बायका आतडी धुतात त्यांना एकेकीला बाजूला घेऊन विचारा, लाजू नका, आधी तुमचं सांगा. ताबिपाला म्हणावं, यंदाचं कोकरू घे आणि त्याच्या फुप्फुसात रोग उतरवून दाखव. तो घेणार नाही. दुखण्यासाठी तालुक्याच्या डॉक्टरांकडून औषध लिहून घ्या. नाही म्हणाले तर नाही असं कागदावर मागा. फुप्फुस कुत्र्याला घालू नका, जाळा किंवा खोल पुरा. हात धुवा. नवरा बरा होईल असं आम्ही सांगू शकत नाही, आणि जो कोणी सांगेल त्याला विचारा की तुला कसं कळलं. विचारायला कुणाचीही भीती नको. एकटीनं करू नका. दोन माणसं तरी शोधा, जी आठवड्यातून एक दुपार तुमच्या नवऱ्याजवळ बसतील. न सापडली तर हरकत नाही, या रविवारच्या गाडीनं आम्ही येतोय. बातमा, जिपारा, मी आणि मास्तर. मास्तरांना उशी उंच लागते. कुमुश.’

“उशीचं कशाला?” मी म्हणालो.

“म्हणजे तिला खरं वाटेल की माणसं येणार आहेत.”

आज सकाळी मी टपाल कचेरीत गेलो. पाकीट पेटीत टाकले आणि तेवढ्यात आठवले, कृमीचे नाव लिहायचे राहिले. पेटीच्या फटीत बोटे घालून पाहिली. टपालवाली आतून ओरडली, “मास्तर, हात काढा! पेटीत पडलं ते सरकारचं!” मग तिने पेटी उघडली, माझ्यासमोर पाकिटावर शिक्का मारला आणि ते खिंडीपलीकडच्या पिशवीत टाकले.